किक नाही

१० जून
चि. सौ. बबडीस,
अनेक आशीर्वाद.
स्कूटर पोचली का? इंजिन मी स्वतः उघडून बसवलं आहे. किक हा शब्द आमच्या गॅरेजात जपून वापरावा लागतो. गाडीला मारली तर पोट भरतं, मालकाने मारली तर नोकरी जाते, आणि तुझ्या काकाला बसते ती संध्याकाळी, ग्लासातून! तुझी आई माझ्यावर फुगली आहे. पोर सात महिन्यांची पोटुशी आणि तिच्या दारात खटारा पाठवलात म्हणते. म्हटलं, चालवणार जावई, तुझं काय जातं? जपून राहा.
तुझे बाबा

१९ जून
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
स्कूटर झकास आहे. हे ऑफिसला तीच नेतात आणि ‘सासऱ्यांनी दिली’ म्हणून गल्लीभर मिरवतात. आईने शिवलेली दुपटी मिळाली. उलगडते, हात फिरवते, पुन्हा घडी घालते.
लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची बबडी
ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता लिहिते. कालपासून किक नाही. जीव थाऱ्यावर नाही. आईला सांगू नका, घाबरेल.

२३ जून
चि. सौ. बबडीस,
अ. आ.
वेडाबाई, एवढ्यासाठी जीव टांगणीला लावतेस? जुनी गाडी, हवा बदलली की अडून बसते. प्लग पुसायचा, एका अंगाला कलती करायची, थोडं थांबून मग मारायची. तरी हटून बसली तर शेजाऱ्यांना धक्का मारायला लावा, शेजारी कशाला असतात? आईला बोललो नाही. नाहीतर ‘मी म्हटलंच होतं’ हे वर्षभर ऐकावं लागेल. काळजी करू नकोस, लागेल. माझ्या हातची आहे.
तुझे बाबा

२८ जून
ती. बाबांस,
सा. न.
तुमचं पत्र ह्यांनी हॉस्पिटलात आणून दिलं. बाबा, गाडी ठीक आहे. बाळाने पोटात लाथ मारली की दवाखान्यात त्याला किक म्हणतात. घाईत माझ्या हातून तोच शब्द गेला. पत्र पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके ऐकू येत नाहीत.
मुलगी होती. केस तुमच्यासारखे कुरळे. हे तिला घेऊन गेले, मला उठू दिलं नाही.
तुमचा राग नाही आला. ‘काळजी करू नकोस, लागेल’ एवढंच पुन्हापुन्हा वाचलं. कोणीतरी मला तसं म्हणायला हवं होतं, बाबा, आणि इथे कोणीच म्हणालं नाही.
आईला आता सांगा. उभ्याउभ्या नको, बसवून सांगा. आणि तिला विचारून लगेच कळवा. मला दूध येतंय. ते कसं थांबवायचं?
तुमची,
बबडी