तेलगावच्या बायबल कॉलेजखालची दोन एकर

मी, वत्सलाबाई बबनराव भालेराव, वय त्र्याहत्तर, राहणार तेलगाव, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो कोणाला पुरेसा वाटत नसेल तर आमच्या बायबल कॉलेजचे प्राचार्य अभिमन्यू यांना विचारावे. आज सकाळीच मी त्यांची खरडपट्टी काढली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हिंमत होत नव्हती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी उज्ज्वला हिला. माझ्या यजमानांनी कॉलेज काढले तेव्हा वसतिगृह नव्हते. विद्यार्थी आमच्या घरात झोपत आणि उज्ज्वला माझ्याजवळ चुलीपाशी. आता दोन्ही खोल्या तिच्या. तिने तिथे कोणालाही मुक्कामाला ठेवू नये, पाळकांना तर मुळीच नाही.

कलम २. कॉलेजची बाजाची पेटी आप्पाराव यांना. हे आमच्याकडे शिकवत. ख्रिस्ती कीर्तनात टाळ-मृदंग चालणार नाही, असे म्हणत ते यजमानांशी भांडले आणि अर्धे विद्यार्थी घेऊन परळीला गेले, स्वतःचे कॉलेज काढायला. जाताना पेटीही नेली; ती त्यांना चालत होती, हे उघड आहे. ते कॉलेज लवकरच बंद पडले. विद्यार्थी परत आले, पेटी आली नाही. आता मी ती त्यांना रीतसर देते, म्हणजे चोरी त्यांच्या नावावर राहणार नाही. भाता फाटला असेल तर त्यांनीच शिवून घ्यावा.

कलम ३. कॉलेज जिच्यावर उभे आहे ती दोन एकर जमीन. पुष्कळांना ती मिशनची वाटते. मिशनने आम्हाला ढेकूळसुद्धा दिलेले नाही. जमीन माझ्या वडिलांची, मुंजाजी देवकाते यांची. मेंढपाळ माणूस, शेवटपर्यंत बिरोबाचा भक्त. मी भालेरावांशी लग्न करून बाप्तिस्मा घेतला तेव्हा माझा एकुलता भाऊ बजरंग याने माझ्याशी बोलणे सोडले. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सोडले नाही. तेव्हा कॉलेज कापसाच्या जुन्या गोदामात भरत होते. ते एकदा आत डोकावले आणि म्हणाले, "पोरं लई गुदमरत्यात. माझं बरड रान घ्या." त्यांनी अंगठा देऊन बक्षीसपत्र करून दिले. अट एकच: पावसाळा सरला की मेंढ्या तिथेच बसतील.

आम्हाला ते सोयीचेच होते. आमचे वर्ग दिवाळीला सुटत, कारण विद्यार्थी आईबापांबरोबर ऊसतोडीला जात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येत. पुण्याहून आलेल्या तपासनिसांना हे वेळापत्रक पटले नाही, म्हणून मान्यता मिळाली नाही. बिनपदवीचेच पाळक तयार झाले. एक-दोन सोडले तर चांगले निघाले.

आण्णा गेल्यावर बजरंग गावभर सांगू लागला की अंगठा फसवून घेतला, आणि वच्छी मेली की मी दावा लावणार. दावा लागला असता तर कॉलेज बंदच पडले असते. यजमान हाच घोर घेऊन गेले. तरीही दर वर्षी बजरंगच्या मेंढ्या येत राहिल्या. तो माझ्याकडे पाठ करून बसे आणि मी न बोलता चहा पाठवत असे.

ही जमीन मी कॉलेजच्या ट्रस्टला देते. अट आण्णांचीच. अभिमन्यूंना सगळीकडून भिंत घालायची आहे. खुशाल घालावी, पण कळप जाईल एवढी वाट सोडून.

कलम ४. वरीलपैकी विहिरीकडचा अर्धा एकर बजरंगला, त्याने दावा लावू नये म्हणून. मन मारून देते.

खुलासा. भावाला हे जिवंतपणीच वाचून दाखवा, असे माझ्या वकील शिवकन्याताई म्हणाल्या. म्हणून काल बजरंगला बोलावले. तो येऊन दारातच उभा राहिला. तिसरे कलम ऐकताना खाली बसला. चौथे झाल्यावर म्हणाला, "वच्छे, अर्धा एकर कावून?"

"तू दावा लावशील म्हणून."

"आन साक्षीला कोन हाय?"

शिवकन्याताईंनी सांगितले, एक शेजारच्या तुळजाबाई, दुसरा मिळायचा आहे. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याला दिलेले रद्द होते.

"म्हंजी म्या सही केली की माजा अर्धा एकर ग्येला?"

"गेला."

"मग आना पेन."

मी विचारले, असे का करतोस? त्याने पेनासाठी हात पुढे केला. मग म्हणाला, "अंगठा आण्णांनी राजीखुशीनं दिल्ता. म्या शेजारीच हुतो."

मला रडू आले आणि हसूही. इतकी वर्षे छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. यजमान असते तर त्यांनी सगळ्या गावाला जेवू घातले असते, आणि स्वयंपाक मलाच करावा लागला असता.

कलम ४ रद्द समजावे. अंमलबजावणी शिवकन्याताईंनी करावी.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: तेलगाव
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२४

(सही) वत्सलाबाई बबनराव भालेराव

साक्षीदार:
१. (सही) तुळजाबाई, शेजारीण
२. (सही) बजरंग मुंजाजी देवकाते, लिहून ठेवणारीचा सख्खा भाऊ