गोलूनं ठरवलेला शेवट

१२ एप्रिल
लिहायचं टाळून टाळून महिना काढला. आज नागपूरला, महाल भागात रामाजींच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीत कूलर, खाली तर्री-पोह्याचा ठेला, मजा आहे. सामान लावायचं सोडून दुपारभर गल्ल्याच हिंडलो.

आता काम. कादंबरी माझी आणि माझ्या दोस्ताची, गोलूची. तो आधी शेवट ठरवणार, मग सुरुवात. मी पेन सुटेल तिकडे. यावरून गावी, कुहीच्या स्टँडवर किती भांडलो आम्ही. नायक त्यानं स्वतःवरच बेतला होता आणि शेवटी मारूनही टाकला होता, हसत हसत.

मग त्याची बाईक ट्रकखाली गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. त्याची माय, तुळसाकाकू, रडून राहिली होती. शेवटी मीच हात जोडून बोललो, गोलू, तुझ्या प्लॅनप्रमाणेच शेवट करतो. एक कावळा उतरला, शिवला.

१५ एप्रिल
प्लॅनमध्ये पहिलं प्रकरण माय-लेकाचं. माय लिहायला घेतली की काकूंचं रडणं कानात येते. गाळलं. नायकाचा चेहराही नंतर पाहू. तसाच हिंडवला त्याला. संत्र्याचा ज्यूस प्यायला गेलो, संध्याकाळ तिथंच गेली.

१९ एप्रिल
शेवट आला. ‘तो मेला’, एवढंच लिहायचं. हात होईना. एकदा जाळलं ना त्याला. माझ्याच मनानं लिहिलं, मेला नाही. कुहीला बसमधून उतरला, घराकडे निघाला. लिहून खूप रडलो. बरं वाटलं.

२० एप्रिल
काकूंचा फोन. गोलू दारावरून गेला म्हणे. तीच चाल, एक खांदा पाडून. उन्हाचा दुपट्टा तोंडाला गुंडाळलेला. त्यांनी हाक मारली. त्यानं पाहिलं, पुढं गेला.
“बाबू, त्यानं मले ओळखलं नाही गा.”
त्याला माय मी लिहिलीच नव्हती.

२१ एप्रिल
माय लिहायला बसलो. भलतंच उतरलं — तो नागपूरच्या बसमध्ये चढला. मी नाही ठरवलं हे. काकू फोनवर म्हणतात, जाऊ दे त्याले, मोकळा कर. मायच म्हणते. म्हणजे गोलूनं ठरवलेला तो शेवट — माझ्या हातानं —

२२ एप्रिल
रामाजी खालून हाक मारताहेत. कोणी आलंय. पाणी घेत नाही, दुपट्टा सोडत नाही. नुसतं जिन्याकडे बोट —

चेहरा मी लिहिलाच —

दोनच शब्द. पेन हातात आहे. पायऱ्यांवर तीच चाल. गोलू, एकदा नाव घे माझं, मग लिहितो —

गोष्टीत मित्र लिहिला होता का मी? आठवत ना—