मुळांची माती

बाबा,

काल मी तुमच्या जावयांवर उगाच खेकसले. कुंपणाची भिंत बांधायची आहे म्हणून आम्ही गुलाब मागच्या अंगणात हलवत होतो. मातीच्या गड्ड्यासकट झाड उचलताना ह्यांची कंबर धरली, तर म्हणाले, "एवढं ओझं कायले उचलून राह्यलो आपण? माती झटकून टाक ना." एवढंच. पण मी अशी ओरडले की शेजारीण गच्चीवर आली. मग चहा दिला, पण कारण काही सांगता येईना. ते तुम्हालाच सांगायचं राहिलं आहे.

पांढरकवड्याची ती थंडी. तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. भाव पडलेला, गाड्या तीन-तीन दिवस रांगेत, आणि चिमटीत कापूस ओढून त्याची प्रत ठरवायची तुम्ही. "साहेब, आमच्या लेकराबाळायचे शाप लागतीन तुमाले," असं कोणी शेतकरी म्हणाला, ते तुम्ही जेवताना सांगितलंत आणि अर्धी भाकर तशीच ठेवून आईच्या गुलाबापाशी जाऊन बसलात. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

भर हंगामात तुमची बदली झाली. तुम्ही गुलाब खणून काढता, पूर्वेकडच्या फांदीला लाल दोरा बांधता, नव्या जागीही तिचं तोंड तिकडेच राहावं म्हणून. मला बजावता, "पोत्यात गुंडाळ. मुळाची माती हलू देऊ नको बाई, तिच्यातच जीव असते त्याचा." आणि चार्ज द्यायला केंद्रावर जाता. मी चौदा वर्षांची, बदल्यांमध्येच वाढलेली. ट्रकमध्ये चढणारी प्रत्येक वस्तू, अगदी पाटावरवंटासुद्धा, धुऊनपुसून चढवायची ही आईची शिस्त. काळी माती गाद्यांना लागेल म्हणून मी नळाखाली मुळं लख्ख धुतली. मग तुमचं बजावणं आठवलं. चिखल थापला, वरून पोतं सुतळीने शिवून टाकलं.

यवतमाळला तुम्ही दोरा पूर्वेला धरून झाड पोत्यासकटच लावलंत. पंधरा दिवसांत फांद्या काळ्या पडल्या. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर फार बरं झालं असतं. तुम्ही तळव्यांकडे बघत म्हणालात, "लोकायचा तळतळाट लागला माह्या हाताले." मी पाण्याचा तांब्या धरून शेजारीच उभी होते. त्यानंतर तुम्ही एकही झाड लावलं नाहीत. माझ्या नव्या घरी तुळस लावायला सांगितली, तर रोप माझ्याच हातात दिलंत.

आज ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "लहान होती तू." होते. पण तुम्ही गेलात तेव्हा मी दोन लेकरांची आई होते, आणि तुमच्या उशाशी आठ दिवस बसून होते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? गुलाबाला पाणी घालायचं आहे, उठते. तुमच्या हाताला काही लागलं नव्हतं, बाबा. मुळं मी धुतली होती.