आमेनमधला म

प्रिय ताईस,

अर्ध्या तोंडाचा पण अख्ख्या मनाचा सलाम. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे ठणठणीत आहेत, बिघाड वरच्या मजल्यावर झालाय.

गेल्या आठवड्यात चूळ भरायला गेले, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थेट ह्यांच्या चहात. आरशात पाहिलं, चेहऱ्याची डावी बाजू संपावर! डॉक्टर म्हणाले, नस रुसलीय, येईल ठिकाणावर. (कधी, ते नसेलाच विचारायचं.) दवाखान्यात रोग्यांची नावं पुकारायचं माझं काम, पण ओठच मिटेनात, तर प, ब, म उमटणार कुठून? साहेबांनी मला मागच्या खोलीत बँडेज गुंडाळायला बसवलं. रडले गं. (रडण्यात मात्र डावा डोळा उजव्यापेक्षा कामसू निघाला.)

रविवारी पाळक म्हणाले, आनंद आपोआप येत नाही, निवडावा लागतो. मी बाकावरच शब्द चाचपले. 'प्रभू' जमेना. 'येशू' मात्र स्वच्छ! 'आनंद'सुद्धा स्वच्छ, ओठाला ओठ लावावाच लागत नाही. (दुःखालाही लागत नाही म्हणा, पण ते निवडायला कोणी सांगितलं नव्हतं.) मग मी आनंद निवडला आणि हसले. उजवीकडच्या बायकांना हसू दिसलं, त्या संध्याकाळी मला चर्चच्या स्वागत समितीत घ्यायला घरी आल्या. डावीकडच्यांना ते दिसलंच नाही, त्या सांत्वनाला आल्या. दोन्ही पक्ष एकाच सतरंजीवर बसले आणि प्रार्थना करायला सांगितलं मला.

प्रार्थना झकास झाली, पण संपेना! 'आमेन'चं 'आएन' होई, आणि सगळ्यांना वाटे मी दम घेतेय. डोळे कोणी उघडेना. मग मी आजाऱ्यांसाठी, चर्चच्या गळक्या छपरासाठी, शेजारच्यांच्या तुंबलेल्या मोरीसाठी प्रार्थना केली. आत दूध उतू गेलं, त्याच्यासाठीही केली. शेवटी हे बाहेरून आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, कोण गेलं?" तेव्हा कुठे सुटका झाली. मी इतकी हसले की त्या वेळी आनंद निवडावाच लागला नाही.

तुझी धाकटी

ता. क. काळजी करू नकोस, मी मजेत आहे.

ता. क. वरचं वाक्य उजव्या बाजूचं. डावी बाजू घाबरलीय. येत्या रविवारी भर चर्चमध्ये प्रार्थना माझ्याकडे आहे. भाऊजी गेल्यापासून तू देवाशी अबोला धरलायस, ते मी कधी काढलं नाही, आताही काढत नाही. फक्त ये आणि माझ्या डाव्या हाताला बस. देवाशी काय बोलायचं ते मी बोलते, शेवटी तेवढं 'आमेन' तू म्हण. तुझा म अजून शाबूत आहे.