तेलाच्या डब्यातला स्पीकर

अप्पा, मंगळवारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांच्यामुळे हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हाही लिहिली नव्हती म्हणा. अंबरनाथच्या माणसाला बदलापूरहून पत्र कोण लिहितं, पुढचंच तर स्टेशन. आणि दुकान माझं स्वतःचं आहे, हेही तुम्हाला ठाऊक नाही. बदलापूर पूर्वेला, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढं ते दुकान. स्पीकर बनवते, दुरुस्त करते, आणि कुणाला कुठला घ्यावा ते सांगते. माझ्याकडे येणारे बहुतेक जुन्या हिंदी गाण्यांचे वेडे असतात. नव्या गाण्यांवाले मोठ्या दुकानात जातात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

हे वेडे आले की मी आधी स्पीकरचं नाव काढतच नाही. गाणी कशावरून ऐकणार, ते विचारते. कुणाच्या मुलाने पेनड्राइव्हमध्ये दोन हजार गाणी भरून दिलेली असतात, कुणी मोबाइल पुढे करतो. त्यातली निम्मी गाणी नव्याने घासूनपुसून, खाली धडधड ढोल जोडून बाजारात आणलेली असतात. मी सांगते, ही काढून टाका. तबकडीवर जसं होतं तसं गाणं शोधा, मागे थोडी खरखर असली तर असू दे, कारण ती खरखर पुसायला गेलं की गाणारीचा श्वासही पुसला जातो. आणि एका माइकसमोर गायलेल्या गाण्याला घरात पाच खोकी कशाला हवीत, एक चांगलं पुरे. लोक मान डोलावतात आणि पाच खोकी घेऊन जातात. हौसेला मोल नसतं. पण मी बोलते, आणि बोलताना माझा आवाज चढतो. शिकवलेलं सगळ्यांना ऐकू जावं असं वाटणाऱ्या मास्तरणीसारखी मी झाले आहे, असं तुमचा नातू म्हणतो.

तर ते गृहस्थ. अंबरनाथहून मुलीला घेऊन आले होते. पंचाहत्तरी झाली म्हणून मुलीला त्यांना चांगले स्पीकर द्यायचे होते. ते पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते, उभा जन्म तिथे गेला, असं तिनेच सांगितलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडची सगळ्यात चांगली जोडी लावली. मी स्वतः बनवलेली, भरदार, घुमणारी. त्यांनी अगदी नीट, हात मांडीवर ठेवून ऐकलं. मग मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "आवाज झकास आहे हो मॅडम, पण बाई काय म्हणतेय तेच कळत नाय." माझा हात बटणावर होता, तो तिथेच राहिला. मुलगी वैतागली. पप्पा, तुम्हाला काहीच पसंत पडत नाही, म्हणाली. मी दुसरी जोडी लावली, तिसरी लावली. ते प्रत्येक वेळी झकास म्हणत होते आणि त्यांचा चेहरा तसाच होता.

शेवटी वरच्या फळीवर दुरुस्तीला आलेला एक जुना रेडिओ होता, कागदी पडद्याचा एकच स्पीकर असलेला, त्याला मी तेच गाणं जोडून दिलं. आवाज पातळ, चिरका, आमच्या धंद्यात ज्याला कुणी हात लावणार नाही असा. गृहस्थ पुढे वाकले. दुसऱ्या कडव्याची ओळ गाणारीच्या आधी त्यांनीच म्हटली, बेसूर, पण शब्द न शब्द. मुलगी बापाकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात मला सांगायला लागली की कानाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं. प्रेसच्या ठणठणाटात वर्षानुवर्षं काढली की बारीक आवाज आधी जातात, शब्दांच्या कडा जातात, जाडे घुमणारे आवाज मात्र ऐकू येत राहतात आणि उरलेसुरले शब्दही झाकून टाकतात. म्हणून माणूस बहिरा वाटत नाही. हाक मारली की वळतो, धडधड ऐकतो, आणि बोललेलं मात्र त्याला कळत नाही. मी चहा सांगून येते म्हणून बाहेर आले आणि मंडईच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आज कळलं, अप्पा. आज कळलं असं मी तिथे उभी राहून स्वतःशी म्हणत होते.

अंबरनाथ पश्चिमेची आपली दोन खोल्यांची जागा मला दिसायला लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, स्टोव्हच्या वर, खिळ्याला तो टांगलेला आहे: पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा, त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने गोल कापलेलं भोक, आणि त्यात उल्हासनगरच्या भंगारातून आणलेला, टेपला जोडलेला रेडिओचा स्पीकर. दिवसभर कारखान्यात तुम्ही डब्यांची झाकणं ठोकत होता, तेव्हा घरी खोकं लाकडाचं असावं असं तुमच्या मनातही आलं नाही. रविवारी सकाळी तुम्ही खाली बसून बोंबील साफ करता, आई भाकऱ्या थापते, आणि डबा गातो. उल्हासनगरला कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं, तिथे तुम्ही वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचात आणि आठवड्याने कॅसेट आणायचात. यादी करताना आईला विचारायचात, मग तिची गाणी शेवटी टाकायचात, म्हणजे कॅसेट संपली तर तिचीच कापली जातील. आई गुणगुणताना एखादा शब्द चुकवायची आणि तुम्ही मासा हातात धरून तिला दुरुस्त करायचात. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या की त्या डब्याला झाकण लावा जरा. तुम्ही हसायचात. घरात मी तुम्हाला तेवढंच हसताना पाहिलं आहे.

कारखान्यात बाकीचे कानात बोळे घालायचे, तुम्ही घालायचा नाहीत. साचा बोथट व्हायला लागला की ठोक्याचा आवाज बदलतो, तो आधी कानाला कळतो आणि मग डोळ्याला, बोळा घातला तर कळणार कसं, असं तुम्ही म्हणायचात. साचा वेळेवर ओळखणारा माणूस म्हणून तुमचा तिथे मान होता, आणि त्या मानासाठी तुम्ही कान उघडे ठेवलेत. मलाही तेच शिकवलंत. स्टीलचे चार पेले ओळीने ठेवून चमच्याने वाजवायचात, त्यातला चीर गेलेला कुठला ते मी पाठ फिरवून सांगायचं. "कान दे," एवढंच म्हणायचात. आयटीआय झाल्यावर उल्हासनगरला स्पीकर बनवणाऱ्या सिंधी शेठकडे तुम्हीच मला घेऊन गेलात. शेठ मुलगी ठेवायला तयार नव्हते. तुम्ही म्हणालात, हिचे कान तेवढे बघा. त्यांनी दहा स्पीकर एकामागून एक वाजवले, आणि पडदा फाटलेला सातवा मी डोळे मिटून सांगितला. घरी येताना रिक्षात तुम्ही सारखे माझ्याकडे बघत होता. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

आणि त्याच कानांनी मला शहाणं केलं. दिवसभर चांगले आवाज ऐकून घरी आले की तो डबा मला सहन होईना. मी तुमच्या निवृत्तीसाठी दोन मोठी खोकी बनवली, तीन महिने खपून, चांगलं लाकूड, मोठा पडदा, वर बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर. शेठनी ऐकली, वाखाणली, आणि तेवढंच विचारलं की बाबांनी ऐकली का. ते नेहमी एक वाक्य म्हणायचे, "बेटा, ग्राहक के कान से सुन, अपने कान से नहीं." मी म्हटलं, माझे कान आणि अप्पांचे कान काय वेगळे आहेत का. टेम्पोतून खोकी घरी आली तेव्हा अर्धी चाळ जमली होती. गाणं लावल्यावर भांड्यांची मांडणी थरथरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "भारी वाजतं." मग म्हणालात, डबा राहू दे आत, स्वयंपाकघरात. मी म्हटलं, लोक हसतील, मुलगी स्पीकर बनवते आणि बापाच्या घरात तेलाचा डबा. तुम्ही वाद घातला नाहीत. खिळ्यावरून तो काढलात, फडक्याने पुसलात, आणि स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिलात. डबा पुसला कशाला, असं आई विचारत होती.

त्यानंतर कधीतरी, मी लग्न होऊन बदलापूरला आल्यावर, एका रविवारी तुम्ही मला विचारलंत, "बाई काय म्हणते गं?" ते गाणं तुम्ही माझ्या जन्माआधीपासून ऐकत होता. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं लक्ष नाही. जरा कान द्या." तुमचेच शब्द तुमच्या तोंडावर फेकले आणि वर हसले. तुम्हीही हसलात, मान खाली घालून. पुन्हा कधी विचारलं नाहीत. हळूहळू तुम्ही पेपर वाचायला लागलात, सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा तोच. मला वाटलं, वय झालं, माणसाची आवड बदलते. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या सगळ्यांना मी सांगत होते की अप्पांना शेवटपर्यंत गाण्यांचं वेड होतं, मी दिलेल्या स्पीकरवर ऐकायचे. लोक हळहळले. ते गेल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तू येणार म्हटलं की लावायचे. तू गेलीस की बंद." मी त्याचा अर्थ काढला की माझ्यावर किती जीव होता. जीव होताच. पण निवृत्तीनंतरची सात वर्षं तुम्ही गाण्यांशिवाय काढलीत, आणि मी येईन त्या दिवशी माझ्यासाठी ऐकल्याचं सोंग केलंत, हा अर्थ मी काढला नाही.

त्या गृहस्थांना मी माझी जोडी दिली नाही. कागदी पडद्याचा एक स्पीकर पत्र्याच्या खोक्यात बसवून देते, चार दिवसांनी या, असं सांगितलं. मुलीला ते फारसं पटलं नाही, भेट म्हणून द्यायला ते काही दिसायला बरं नाही. मी तिला म्हटलं, ताई, मी तुमच्या पाया पडते, दिसण्याकडे बघू नका. ती घाबरलीच थोडी. कालपासून पत्रा कापते आहे. तुमच्यासारखा गोल येत नाही. हात कापला, मग बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं. हे कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून तरी खरं लिहावं.

आज कळलं, असं मी वर लिहिलं आहे. ते खोटं आहे. तुम्ही जायच्या वर्षभर आधी एका रविवारी मी घरी आले तेव्हा गाणं चालू होतं आणि शेजारचे दोघं बसले होते. दोन्ही खोक्यांतल्या छोट्या स्पीकरच्या तारा निघाल्या होत्या. आईने मागची जळमटं काढताना ओढल्या गेल्या असतील. खोलीत नुसती धडधड ऐकू येत होती, गाणारीचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा, एक शब्द कळत नव्हता. शेजारी एकमेकांकडे बघत होते. आणि तुम्ही खुर्चीत बसून मान डोलावत होता. मला बघून म्हणालात, "बघ, कसं भारी वाजतंय." माझे कान तुम्ही तयार केलेले, अप्पा. मला त्याच क्षणी कळलं. मी खोक्यांच्या मागे वाकले, तारा जोडल्या, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, हो, भारी वाजतंय.