पाहुणे येण्याआधी

प्रिय दादा,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत आणि रेखावहिनीच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला, त्यावरून तू काय ते ओळखलं असशीलच. गावचा आपला कातळाचा सडा विकायला माझा होकार हवाय, ग्राहक मुंबईचा आहे, फार दिवस थांबणार नाही, हे सगळं पोचलं. उत्तर याच पत्रात देते, पण शेवटी. आधी माझं ऐकून घे. फोनवर मी ओरडले असते आणि तू नेहमीसारखा "बरं, जेवलीस का?" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहितेय. आज शुक्रवार, सुट्टी आहे. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या या फ्लॅटमध्ये एसी घरघरतोय आणि माझं डोकं त्याच्याहून जास्त तापलंय.

रुस्ताकच्या अलीकडे एका वाडीच्या काठाला आमच्या ऑफिसचं काम चाललंय, हे तुला माहीत आहे. वाडी म्हणजे इथलं कोरडं नदीपात्र, आपली वाडी नव्हे. तिथे बंगल्यांची वसाहत व्हायची आहे. पैसा लावणार आहे एक परदेशी बँक आणि तिची अट अशी, की बांधकाम झाल्यावर त्या जागेत आधीपेक्षा जास्त निसर्ग असला पाहिजे. कमी नाही, तेवढाच नाही, जास्त. म्हणजे आधी काय काय आहे त्याची नीट पाहणी करायची आणि मग घरं, रस्ते, बागा अशा आखायच्या की नंतरचं पारडं जड होईल. हे आखायचं काम माझं. अट ऐकून मी किती हरखले होते! इतकी वर्षं लोकांच्या बंगल्यांपुढे हिरवळी आखल्या, आता खरं काम मिळालं असं वाटलं. बावळट मी.

जानेवारीत मी ती जागा पायाखाली घातली. ज्याला विचारावं तो म्हणे, मॅडम, इथे काहीच नाही. मालकाचे मॅनेजर चंद्रहास साठे, आपल्या पुण्याचे, गाडीतून न उतरताच म्हणाले, "अहो, नुसते दगड नि काटे आहेत." दादा, त्या काहीच नसलेल्या जागेत घाफची जुनी झाडं होती. घाफ म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला आबा जिची फांदी आणायचे ती इथे वाळवंटात बुंधा मिठीत मावणार नाही एवढी होते. एका खोडाच्या पोकळीत आपल्या पिंगळ्याएवढं घुबड राहायचं. दगडांच्या ढिगांत जाड शेपटीचे सरडे होते. आणि टिटव्या. तीच आपली चोचीपाशी लाल गाठ असलेली, तशीच भांडखोर. मी जवळ गेले की डोक्यावर घिरट्या घालून शिव्या द्यायची. मला इतकं घरी आल्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं. आबा सड्यावरून जाताना काठीने पुढची जमीन चाचपत चालायचे, आठवतं ना? मला वाटायचं सापासाठी. तूच सांगितलंस, टिटवीची अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून.

मी आराखडा केला तो घाफ जागच्या जागी ठेवून, रस्ता वळवून, वाडीच्या काठचा पट्टा तसाच सोडून. घरं थोडी कमी झाली. साठ्यांनी कपाळावर आठी घातली, पण बँकेची अट आहे म्हटल्यावर गप्प बसले. मग एप्रिलमध्ये निरोप आला, बँकेच्या बाई स्वतः जागा बघायला येणार.

आता ऐक पुढचं. साइटवर सुपरवायझर आहेत जहूरभाई, आपल्या राजापूरकडचे. मला बाय म्हणतात, मुलुखातले आंबे आले की माझ्यासाठी चार बाजूला काढून ठेवतात. परदेशातून पाहुण्या येणार, या माणसाने केलं काय, तर आदल्या दिवशी यंत्र लावून अख्खी जागा लोण्यासारखी साफ केली. काटेरी झुडपं उपटली, दगडांचे ढीग उचलून नेले, वर पांढरी खडी पसरली. घाफच्या पोकळीत सिमेंट भरलं, साप शिरू नये म्हणून. आणि झाडांच्या बुंध्यांना, दादा, खाली गेरू वर चुना असे पट्टे मारले! मंत्री येणार म्हटल्यावर आपल्याकडे रस्त्यालगतच्या झाडांना मारतात ना, अगदी तसे. वाटेच्या दोन्ही बाजूंना पेटुनियाच्या कुंड्या. मी गाडीतून उतरले. जहूरभाई चेहराभर हसत पुढे आले आणि म्हणाले, "बाय, पावणे येणार म्हटल्यावर खळं झाडायला नको?"

या माणसावर रागवायची सोयच नव्हती. त्याने मनापासून केलं होतं, पाहुण्यांआधी अंगण लख्ख करावं असंच त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं आणि आपल्या आईनेही आपल्याला असंच शिकवलं. अट काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. साठ्यांना मात्र सगळं ठाऊक होतं.

बाई आल्या, मांडवात बसल्या, खजूर खाल्ले, काहवा म्हणजे इथली कॉफी प्यायल्या. चुन्याचे पट्टे कशासाठी असं त्यांनी विचारलं, तेव्हा साठे म्हणाले वाळवीसाठी, आणि बाईंनी ते लिहून घेतलं. एक टिटवी सबंध वेळ त्या पांढऱ्या खडीवर घिरट्या घालत ओरडत होती. बाईंनी वर बघून "काय छान पक्षी" म्हटलं. मी जानेवारीतले फोटो पुढे केले. त्या फार सौजन्याने म्हणाल्या, हे तुमच्या ग्राहकामार्फत रीतसर पाठवा. ग्राहकामार्फत म्हणजे साठ्यांमार्फत! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बाईंची गाडी गेली आणि साठे माझ्याकडे वळले. इतका आनंदी माणूस मी मस्कतमध्ये पाहिला नाही. म्हणाले, "उत्तराताई, जहूरने बघा नकळत आपलं केवढं काम केलं. आता आधी काहीच नव्हतं ना! म्हणजे कुंडी ठेवली तरी वाढच. ती झाडंही हलवू, रस्ता सरळ घेऊ. यल्ला, चला, नवीन अहवाल करा." पाहणी जानेवारीची नको, आजची धरा. खोटं नाहीच त्यात, म्हणाले, आज जे दिसतं ते लिहा.

मी नाही म्हटलं. आमच्या ऑफिसच्या साहेबांकडे गेले, तेही सांत्वन केल्यासारखे बोलले, अर्बाबला, म्हणजे मालकाला, नाराज करून कसं चालेल, इन्शाल्ला पुढच्या कामात तुझं ऐकू. अहवाल दुसऱ्याकडे गेला. त्याने गवत, खजुरी आणि कुंड्या धरून असा काही निसर्ग वाढवून दाखवलाय की वाचून मला हसू आलं आणि मग संताप आला. माझे फोटो मी बँकेला थेट पाठवले. पोच आली, पुढे काही नाही. जहूरभाईंना मी नंतर घुबडाचं सांगितलं. त्यांनी छिन्नी घेऊन ते सिमेंट फोडून काढलं. आत काही नव्हतं. ते आता माझ्याशी बोलताना खाली बघतात, आणि ते मला साठ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागतं.

आता सड्याचं. मागच्या आठवड्यात तू व्हिडिओ पाठवलास. कातळावर उभा राहून कौतुकाने सांगतोयस, बघ, करवंदीच्या जाळ्या काढून टाकल्या, दगडगोटे उचलले, ग्राहकाला समुद्र कसा स्वच्छ दिसेल. नाहीतरी इथे काय आहे, गवतसुद्धा धड उगवत नाही. दादा, उन्हाळ्यात सडा असाच दिसतो. श्रावणात त्याच कातळावर सीतेच्या आसवांची इवली निळी फुलं पसरतात तेव्हा आपण चप्पल हातात घेऊन चालायचो. तू ते विसरलेला नाहीस. पाहुणे येणार म्हणून तू खळं झाडलंस, एवढंच. म्हणून तुझ्यावरही मला रागवता येत नाही, आणि राग तर गळ्यापर्यंत आलाय.

तू म्हणशील, तुला तिथे बसून सड्याचं काय कौतुक, तुला पैशाची गरज नाही. तर ते सांगायलाच हे पत्र. माझा करार ऑफिसने वाढवला नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, जूनमध्ये मी परत येतेय, दोन बॅगा आणि एकटा जीव. पुण्यात घर नाही, शिल्लक फार नाही. आज तुझ्यापेक्षा त्या पैशाची गरज मला जास्त आहे, आणि तरी माझं उत्तर नाही असं आहे. तुझा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावते, जमिनीसाठी नाही. तू बोलतोयस त्याच्यामागे टिटवी ओरडतेय. सारखी ओरडतेय, अगदी तुझ्या डोक्यावर. तू जिथे उभा आहेस तिथेच कुठेतरी तिची अंडी असणार. मी येईपर्यंत कोणालाही वर नेऊ नकोस, आणि स्वतः गेलास तर आबांची काठी घेऊन जा.

तुझीच,
उत्तरा