बक्षीस परत घ्यावे, रान राहू द्यावे

विषय : वाळूत कालवलेले बी. पाहणीच्या दिवशीचा लाल रंग. थोरला भाऊ. फुलावरून उपाशी उठलेली माशी. काचेची ढाल. (यांपैकी जे आपल्या विभागाकडे येत असेल ते धरावे.)

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग

संदर्भ : आपले अभिनंदनपत्र व त्याच पाकिटातून आलेली तण काढण्याची सूचना

महोदय,

१. पाण्याच्या टाकीमागची पट्टी विभागाने मला सांभाळायला दिली. अट एकच, वर्षात फुले दिसावीत, नाहीतर तिथे फरशी बसेल. मी व दादाने माळावर हिंडून रानफुलांचे बी गोळा केले, कारण इथल्या मधमाश्यांना तीच फुले ओळखीची. बी वाळूत कालवून विखुरले, वर माती न लोटता पायाने दाबले. ही झाडे पहिले वर्ष मुळे धरण्यात घालवतात. वर दिसतो तो नुसता पाला. आपल्या आधीच्या साहेबांना हे मी तोंडी सांगितले होते. त्यांनी मान डोलावली होती.

२. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने परगावी होते. परतले ती पाहणीच्याच दिवशी. पट्टी लालभडक. आपण फुलांचे बक्षीस म्हणून ढाल दिलीत. मी आभाराचे चार शब्दही बोलले, ते कृपया रद्द समजावेत.

३. दुसऱ्या दिवशी तिथे बसले असता एक मधमाशी लाल फुलावर उतरली. पाकळ्यांच्या गर्दीत वाट शोधत फिरली आणि तशीच उठली. मग दुसरी. ही दुकानातल्या पाकिटातली फुले. त्यांत पाकळ्याच पाकळ्या, खायला काही नाही. मी नसताना ही तूच लावलीस का, असे दादाला विचारले. त्याने नाकारलेही नाही. "अगं, साहेब येणार आणि तू दाखवणार काय, पाला? तुझं हसं झालं असतं." मी म्हटले, आणि माश्यांचे काय? तर म्हणे, "त्या कुठे पाहणी समितीत आहेत?"

४. आता आपली सूचना. 'विजेत्या फुलांभोवतीचे तण यंत्राने खणून पट्टी एकसारखी करावी.' साहेब, ते तण म्हणजे माझी पेरणी. दादाला वाचून दाखवले. म्हणाला, "खणू देत की. लाल तर राहतंय." केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की कापणाऱ्या दादाला तो हार घालतोय असेच वाटत होते.

५. सबब विनंती की ढाल परत घ्यावी. सोबत जोडली आहे. लाल फुले मी स्वतः उपटीन. पाल्याला फुले येऊन, बी पिकून खाली गळेपर्यंत यंत्र पाठवू नये. हवे तर प्रत्येक रोपाला 'हे तण नाही' अशी चिठ्ठी बांधते. तेही पुरे नसेल तर आपण स्वतः एकदा लाल फुलापाशी बसावे. येताना चष्मा आणावा, काचा मी पुसून देईन, माझा धंदाच तो आहे. माझी पेरणी मोडायचीच असेल तर निदान फुले आली नाहीत म्हणून फरशी बसवून मोडावी, आली म्हणून यंत्राने नको.

६. दादावर कारवाई करू नये. फसवणूक माझी झाली आहे, विभागाची नव्हे.

आपली नम्र, व घरात सध्या अबोला धरलेली,
कोपऱ्यावरची चष्मेवाली

दिनांक : यंत्र येण्याचा आदला दिवस

सोबत : ढाल, एक

ता. क. पेरणीच्या दिवशी वारा होता. बी उडू नये म्हणून मी सरकेन तसा दादा माझ्याबरोबर सरकत वाऱ्याला आडवा उभा राहत होता.